तुमचं जाळं माझ्या टेबलावर आहे

प्रति,
फाटकं जाळं कापून पाण्यात सोडणारे गृहस्थ,
मुक्काम : हरमल ते केरी यांच्यामधलं कुठलंही पाणी

नमस्कार.

मायन्यात 'सप्रेम' लिहायची आपल्याकडे रीत आहे. या पत्रापुरती ती मी मोडतो आहे. ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही अशा माणसाला जाहीर पत्र लिहायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मी हरमलात आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. ज्या टेबलावर हे लिहितोय त्याच टेबलावर एक ऑइल सील पडलं आहे आणि शेजारी एक कडी. कडी बोटभर रुंद, हिरवट काळी, इतकी टणक की टेबलावर टाकली तर वाजते. ब्लेडने आडवी कापली तेव्हा आत तंगुसाचे एकावर एक बसलेले पदर दिसले. बाहेरच्या अंगाला, जिथे ती पुरती वितळली नाही, तिथे जाळ्याच्या गाठी अजून ओळखू येतात. ते तुमचं जाळं. एका होडीच्या शाफ्टवर, पंख्याच्या मागे, ते बसलं होतं.

त्या होडीचा मालक पंचविशीतला पोरगा आहे. पहाटे जाळी ओढतो, उन्हं वर आली की त्याच होडीतून पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेतो. होडी फायबरची, इंजिनासकट कर्जावर घेतलेली. एका सकाळी केरीच्या बाजूला, खडकांपासून फार लांब नव्हे, इंजिनाचा आवाज एकदम जड झाला आणि होडी जागच्या जागी थबकली. पोरगा डोक्याने शांत. आधी इंजिन बंद केलं, किल-स्विचची दोरी काढून खिशात टाकली, मग इंजिन वर तिरपं करून पंख्यावरचं भेंडोळं सुरीने कापू लागला. तोवर लाटांनी होडी आडवी केली होती. होडीत लहान मुलं होती, एकाला उलटी झाली, त्याची आई रडायला लागली. पंखा मोकळा झाला, इंजिन पुन्हा लागलं, सगळे सुखरूप किनाऱ्यावर आले. त्या दिवसाचा धंदा बुडाला आणि तो प्रसंग त्याच्या डोक्यातूनही गेला.

तुमच्या जाळ्याचं खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

पंख्यामागे काय असतं ते तुम्हाला सांगतो. तुम्ही पाण्यावर पोट भरणारे आहात, तरी ते उघडून कधी पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर हात धजावला नसता. पंख्याचा शाफ्ट गिअरकेसमधून जिथे बाहेर येतो तिथे ऑइल सील असतं. बहुतेक इंजिनांत दोन, पाठीला पाठ लावून बसवलेली. एक आतलं तेल बाहेर जाऊ देत नाही, दुसरं बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. रबराचा एक पातळ ओठ आणि त्याला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग, समुद्र आणि बेअरिंग यांच्यामध्ये आडवं येणारं एवढंच काय ते आहे.

पंख्यात जाळं अडकलं की जे डोळ्यांना दिसतं ते कापून काढता येतं. जे दिसत नाही ते म्हणजे पंख्याच्या बुंध्यामागे, थ्रस्ट वॉशर आणि गिअरकेस यांच्या फटीत ओढला गेलेला दोरा. इंजिन पुन्हा लागतं, शाफ्ट पुऱ्या वेगात मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतो, दोरा आत सरकत जातो, आवळत जातो, तापत जातो. जाळ्यांचं नायलॉन साधारण २२० अंश सेल्सियसला वितळतं. नुसत्या घासण्याने ते तिथवर पोचतं, लगेच पाण्याने गोठतं, आणि सीलच्या तोंडाशी कडी जमते. ही कडी सीलचा ओठ खाते. कधी कधी शाफ्टवरच खाच पडते, मग नवंकोरं सील बसवलं तरी त्या खाचेतून पाणी झिरपत राहतं.

सील एकदा फाटलं की पाणी आत यायला वादळ लागत नाही. इंजिन चाललं की गिअरकेस तापते, आतली हवा आणि तेल फुगतं, थोडं तेल बाहेर पडतं. किनाऱ्यापाशी इंजिन बंद केलं की तीच गिअरकेस पाण्यात निवते, आत ओढ तयार होते आणि गेलेल्या तेलाची जागा खारं पाणी घेतं. रोज थोडं. मालकाला वर काहीच कळत नाही. इंजिन पहिल्या दोरीला लागतं, धूर नेहमीसारखा, वेग नेहमीसारखा.

पोरगा माझ्याकडे आला तो पंख्याची तक्रार घेऊन नाही. "गिअर टाकला की कुरकुर येते," एवढंच म्हणाला. इंजिन स्टँडवर लावलं. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवला तर बोटांना खरखर लागली. शाफ्ट धरून वर-खाली दाबला, तो हलला. तो असा हलायला नको. रात्रभर इंजिन उभं ठेवलं आणि सकाळी गिअरकेसचा खालचा स्क्रू काढला. आधी निव्वळ पाणी आलं, कारण ते तेलापेक्षा जड, तळाला बसलं होतं. वरचा स्क्रू काढल्यावर तेल आलं, तेही दुधाळ, घट्ट, तारा धरणारं. बेअरिंगचं घर पुलरला दाद देईना. खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियमच्या खोबणीत ते गंजून असं धरतं की तापवायचं, ओढायचं, पुन्हा तापवायचं, यातच दुपार जाते. शेवटी निघालं. बॉल बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे काळे ठिपके आणि ठिपक्यांच्या जागी खड्डे. नीडल बेअरिंगच्या सुया काही झिजलेल्या, काही मोडलेल्या. मोडलेल्या सुयांचे तुकडे गिअरच्या दातांत जाऊन दोन दातांचे कोपरे उडालेले.

सील शेकड्यांत येतं. बेअरिंग, गिअर आणि शाफ्ट हजारांत जातात, आणि सुटा भाग म्हापशात नसला तर बाहेरून मागवावा लागतो. हे सगळं भर हंगामात, जेव्हा किनाऱ्यावर पडून राहिलेल्या होडीचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मासळी आणि न थांबणारा बँकेचा हप्ता. तुम्ही एक फाटकं जाळं वाहून आणायचा त्रास वाचवलात आणि हे बिल दुसऱ्याच्या दारात ठेवून गेलात.

आता तुम्ही म्हणाल, समुद्रात जाळी हरवतातच, कुणी मुद्दाम टाकतं का?

हरवतात. खडकाला अडकून फाटतात, वादळात वाहून जातात, रात्री मोठी बोट वरून गेली तर अर्धं जाळं घेऊन जाते. ज्याचं असं जाळं जातं त्याच्याबद्दल मला वाईटच वाटतं, त्याचं नुकसान माझ्या गिऱ्हाइकापेक्षा कमी नसतं. हे पत्र त्याला नाही. हरवलेलं आणि टाकलेलं यांतला फरक मला कळतो, कारण दोन्ही माझ्याच टेबलावर येतात. हरवलेल्या जाळ्याला वरची दोरी असते, दोरीला बोये असतात, खाली शिसं असतं. त्याच्या कडा विस्कटलेल्या असतात, एकेक आस वेगवेगळ्या जागी तुटलेला. त्या पोराने पंख्यावरून कापून आणलेलं भेंडोळं मी पाण्यात भिजवून उलगडून पाहिलं. त्याच्या सुरीचे काप आखूड, घाईतले, वेडेवाकडे. ते वेगळे काढले तरी एक लांबलचक कड उरली, सुताने आखावी तशी सरळ. वरची दोरी नाही. बोये नाहीत. शिशाची एक गोळी नाही. ज्याला बाजारात किंमत आहे ते तुम्ही स्वस्थ बसून उतरवून घेतलंत आणि ज्याला नाही ते पाण्यात सोडलंत. याला अपघात म्हणत नाहीत. इतकी नेटकी कड कापायला उजेड लागतो, वेळ लागतो आणि मन थंड लागतं.

आणि बोये-शिसं उतरवून तुम्ही ते जाळं आणखी घातक केलंत. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडंसंच जड असतं. पाण्याची घनता १.०२ ते १.०३, नायलॉनची १.१४ च्या आसपास. शिसं असतं तर जाळं तळाला जाऊन बसलं असतं. बोये असते तर वर दिसलं असतं, होडीवाल्याने वळसा घातला असता. दोन्ही काढलेलं जाळं सावकाश खाली जातं आणि उथळ पाण्यात प्रत्येक लाटेसरशी पुन्हा वर उठतं. हरमलला धक्का नाही, बंदर नाही. होडी वाळूवरून ढकलत पाण्यात न्यायची, कमरेइतक्या पाण्यात इंजिन खाली करायचं, लाट फुटायच्या आत दोरी ओढायची आणि पुढे निघायचं. तुमचं जाळं घोटाळत असतं ते नेमकं त्याच पट्ट्यात. तिथे इंजिन बसलं तर पुढची लाट होडीला आडवी घेते. केरीला तेरेखोल नदीच्या मुखाशी, जिथे ओहोटीचा ओढा आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तिथे बसलं तर काय होतं हे तुम्ही मला सांगा. त्या पाण्यात तुम्हीही जाता.

पंख्याचं पातं जाळ्याने वाकत नाही, हेही मान्य करतो. ते वाकतं नंतर, बंद पडलेली होडी वाहत खडकावर गेली की. हरमलच्या उत्तरेच्या टोकाला, गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाताना जे खडक लागतात, त्यांनी किती पंखे खाल्लेत ते माझ्या शेडच्या कोपऱ्यात दिसतं. लोकांना वाटतं, पातं ठोकून सरळ केलं की झालं. पात्याचा बाक हा सगळा हिशेब आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ साली स्क्रूच्या पंख्याचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी कालव्यातल्या चाचणीत त्याच्या लाकडी स्क्रूचा निम्मा भाग मोडून पडला आणि होडी हळू होण्याऐवजी जास्तच जोरात पळाली. तोवर मळसूत्र जितकं लांब तितकं चांगलं असं त्याला वाटत होतं. त्या एका मोडण्याने जगाचा फायदा झाला. माझ्याकडे मोडून आलेल्या पंख्यांपैकी एकानेही होडी जोरात पळवलेली नाही. एक पातं थोडं वाकलं तरी पाण्याचा रेटा तिन्ही पात्यांवर सारखा येत नाही, शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात हिसका बसतो, आणि तो हिसका बेअरिंग सोसतं. मालक म्हणतो, थोडं थरथरतंय, चालेल. काही दिवसांनी तेच सील, तेच बेअरिंग. खडकावर जाण्याचं कारण शोधत मागे गेलं तर पुन्हा तुमचीच सुरी.

तुम्ही कदाचित होडीवर नसाल, ट्रॉलरवर असाल. शापोऱ्याच्या जेटीवर मी अधूनमधून जातो, तिथला प्रकार वेगळा पण चोर तोच. ट्रॉलरचा शाफ्ट पाण्यात ज्या बुशात फिरतो त्याला आम्ही कटलेस म्हणतो. बाहेरून पितळी नळी, आतून उभ्या खाचांचं रबर. त्याला तेल लागत नाही, ग्रीस लागत नाही, खाचांतून वाहणारं समुद्राचं पाणीच त्याचं वंगण. ही युक्ती जुनी आहे. सुरुवातीच्या पंख्याच्या आगबोटींचे पितळी बुश भराभर झिजून जात. १८५० च्या दशकात जॉन पेन या इंजिनिअराने त्यांच्या जागी लिग्नम व्हिटी या पाण्यात बुडणाऱ्या, चिवट लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि पट्ट्यांमधून पाणी खेळतं ठेवलं. पुढे लाकूड गेलं, रबर आलं, पाणी तेच राहिलं. आता या बुशाच्या तोंडावर जाळ्याचा गुंडाळा बसला की पाणी अडतं. कोरडं रबर शाफ्टवर घासतं, जळतं, सालपटं निघतात. शाफ्ट डगमगू लागला की आतल्या टोकाला, तो जिथून बोटीत शिरतो तिथल्या ग्लँडचं पॅकिंग झिजतं आणि पाणी बोटीत येऊ लागतं. मग कुणीतरी पाना घेऊन ग्लँड आवळतो. पाणी थांबलं म्हणून तो खूश. चालू शाफ्टवर ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी यायलाच हवं, त्यावरच पॅकिंग गार राहतं. ते बंद केलं की पॅकिंग जळतं, शाफ्टला चर पडते, आणि बोट सुकीवर काढून शाफ्ट उपसण्यावाचून इलाज उरत नाही. तुमच्याच मालकाची बोट असेल ती. तुम्ही टाकलेलं जाळं तुमच्या बोटीला ओळखत नाही.

आधीचे लोकही फाटकी जाळी टाकत होते, हे उत्तर मी किनाऱ्यावर ऐकलं आहे. टाकत असतील. त्यांची जाळी सुताची आणि सणाची होती. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून, वाळूवर वाळवून, सतत निगा राखली तरच ती टिकत, नाहीतर कुजून जात. ते जाळं समुद्र पचवत होता. नायलॉन १९३० च्या दशकात अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी बनवलं, आणि ते कुजत नाही म्हणूनच आपण सगळ्यांनी ते हौसेने घेतलं. हलकं, मजबूत, रोज वाळवायची कटकट नाही. न कुजण्याचा फायदा घेतलात तर न कुजण्याची जबाबदारीही घ्या. सवय आजोबांची आणि जाळं नायलॉनचं, हे चालणार नाही.

आजोबांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक आठवण करून देतो. १९७० च्या दशकात गोव्याचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे मच्छीमार, रस्त्यावर उतरले. किनाऱ्याजवळचं पाणी ट्रॉलर खरवडून नेत होते आणि रापणीला काही उरत नव्हतं. मोर्चे झाले, उपोषणं झाली, समुद्रात बोटी समोरासमोर आल्या. त्यातून १९८० चा गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचं पाणी लहान मच्छीमारासाठी राखलं गेलं. ज्या पट्ट्यासाठी आपल्या आधीच्या पिढीने लाठ्या खाल्ल्या, त्याच पट्ट्यात तुम्ही कचरा सोडता. ट्रॉलरवाल्याने तो सोडला असता तर आपण सगळ्यांनी मिळून त्याची बोट अडवली असती. घरचा माणूस असलात तरी तुम्हाला सूट मिळावी असं मला वाटत नाही.

कायद्याचीच भीती हवी असेल तर तीही आहे. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाबद्दलच्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचं पाचवं परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे, आणि प्लास्टिक, त्यात कृत्रिम धाग्याची मासेमारीची जाळीही आली, समुद्रात कुठेही टाकायला त्यात मनाई आहे. पण भर रात्री, होडीच्या काठावर बसून, तुमच्या हातातली सुरी कुणी इन्स्पेक्टर पाहणार नाही हे मलाही कळतं. म्हणून मी तुमच्याशी बोलतोय.

मांद्रे आणि मोरजीच्या वाळूत अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांबद्दल एकच वाक्य लिहितो, कारण त्यांची बाजू मांडणारे माझ्याहून जाणकार लोक आहेत. पोरगा सुरीने पंखा सोडवू शकला; कासवाच्या पायाला तेच जाळं गुंडाळलं तर त्याच्याकडे सुरी नाही.

पत्र खुलं आहे, म्हणून होडीवाल्यांनाही इथेच सांगून घेतो. जाळी कापून सोडणाऱ्यांनी ते थांबवलं तरी आधीची जाळी पाण्यात आहेतच. पंख्यात काहीही अडकलं, एक दोरा का असेना, तर त्याच संध्याकाळी पंखा उतरवा. नुसतं वरवर कापून दुसऱ्या दिवशी निघू नका. स्प्लिट पिन सरळ करून काढायची, नट, वॉशर, पंखा, आणि त्यामागचा थ्रस्ट वॉशरही. तो शाफ्टला चिकटून बसतो आणि निम्मे लोक तो काढतच नाहीत. दोरा असतो तो त्याच्याच मागे. तिथे सुरीचं टोक घालू नका, सीलला लागलं तर जाळ्याचं काम तुम्हीच पूर्ण केलंत. लाकडाच्या चपट्या काडीने ओढून काढा. शाफ्टच्या दात्यांवर पाण्यात न धुपणारं ग्रीस लावून पंखा परत बसवा आणि पिन दरवेळी नवी घाला, तीही स्टेनलेसची. पिनेच्या जागी खिळा वाकवून घातलेला मी पाहतो तेव्हा माझा जीव वर येतो. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गळतो, नट सैल होतो आणि पंखा समुद्राला अर्पण होतो.

गिअर ऑइल दर १०० तासांनी बदलायचं हे पुस्तकात लिहिलेलं असतं. जाळं अडकून गेलं असेल तर पुस्तकाची वाट न बघता आठवड्याने खालचा स्क्रू जरासा सैल करून पाहा. पाण्याचा एक थेंब आला किंवा तेल दुधाळ दिसलं तर इंजिन त्याच दिवशी आणा. त्या दिवशी काम फक्त सीलचं असतं. नवं तेल भरताना खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि तेल पूर्ण भरल्यासारखं दिसूनही कमीच राहतं. स्क्रूखालचे वॉशर बदला, काही रुपयांचा मामला आहे. आणि इंजिनाला लावलेल्या झिंकच्या तुकड्यावर रंग मारू नका. गिअरकेसच्या ऐवजी तो झिजावा म्हणूनच लावलेला असतो, रंग दिला की तो झिजायचा थांबतो आणि गिअरकेस झिजू लागते. निम्मा झिजला की बदलायचा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या झावळ्यांच्या खोपीत असतात, तेव्हा हे सगळं निवांत करता येतं. बरेच जण इंजिन आहे तसं पोत्याने झाकून ठेवतात, आत राहिलेलं पाणी दोन महिने बेअरिंग खातं, आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून झाला की माझ्या दारात रांग लागते.

आता पुन्हा तुमच्याकडे वळतो.

तुमची अडचण काय असेल याचा मी विचार केला आहे. फाटकं जाळं होडीत जागा खातं, ओलं असलं की जड होतं, वास मारतं. घरी आणलं तर ठेवायचं कुठे, आणि पंचायतीच्या कचऱ्यात टाकलं तर उचलणारा नाक मुरडतो. हे सगळं खरं आहे. तरी ज्या होडीने ते नवं असताना नेलं तीच होडी ते फाटल्यावर परत आणू शकते. जाताना त्यात बोये होते, शिसं होतं, दोरी होती. परत आणताना तुम्ही फक्त उरलेलं नायलॉन आणायचं आहे, म्हणजे वजन कमीच.

आणि या उरलेल्या नायलॉनला किंमत नाही हा तुमचा समज चुकीचा आहे. पेडण्यात डुकरं, मोर आणि माकडं यांनी भाजीवाल्यांना पुरतं हैराण केलं आहे. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने वाफ्याची राखण होत नाही. खुंट्या रोवून भोवती जुनं जाळं ताणलं की पोरांनाही कुंपण घालता येतं, दोन-चार वर्षं बघावं लागत नाही. मिरची लावणारे माझ्याकडे येऊन विचारतात, जुनं जाळं आहे का. मी त्यांना पंख्यातून काढलेली भेंडोळी दाखवतो, ती त्यांच्या काहीच कामाची नसतात.

म्हणून शेडच्या मागे, माडाखाली, एक रिकामा निळा ड्रम मी ठेवला आहे. त्याला झाकण नाही, कुलूप नाही, रात्री तिथे दिवा नसतो. जाळं त्यात टाका आणि जा. कुणी नाव विचारणार नाही, मी वळून पाहणारही नाही. बोये आणि शिसं आधी काढून घेतलंत तरी चालेल, मिरचीवाल्यांना ते लागत नाही. फक्त कापताना शक्य तितके लांब तुकडे ठेवा. सरळ कापायची कला तुमच्याकडे आहेच.

कळावे,
हरमलचा एक इंजिन मिस्त्री

ता. क. : ड्रम भरला असेल तर खालीच ठेवा, फक्त भरतीची रेघ ओलांडून वर.